घाम स्वयंसेवकांचा, मोजपट्टी पंडितांची

विकिपीडिया या ज्ञानकोशावर गेल्या दोन दशकांत पाश्चात्त्य विद्यापीठांतून संशोधनाचे अमाप पीक आले आहे. अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, संगणकशास्त्रज्ञ, व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक असे सारेच या शेतात उतरले आहेत. कारण उघड आहे. या ज्ञानकोशात कोणी कोणता शब्द केव्हा लिहिला, तो कोणी खोडला, त्यावरून कोणाचे कोणाशी काय भांडण झाले, याची नोंद जवळजवळ आरंभापासून जपलेली असून ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. एखाद्या गिरणीतील प्रत्येक कामगाराच्या प्रत्येक हालचालीची अशी नोंदवही हाती आली असती, तर 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे जनक टेलरसाहेब हर्षाने नाचले असते. येथे ती नोंदवही कामगारांनी स्वतःच लिहून पंडितांपुढे ठेवली आहे.

महागाई, बेकारी आणि कंत्राटी कामगारांचे हाल हे प्रश्न आ वासून उभे असताना एका ज्ञानकोशाची ही चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. माझे उत्तर असे की, समाजवादी विचाराविरुद्ध गेली शंभर वर्षे जे दोन मोठे आक्षेप घेतले जातात, त्या दोहोंची कसोटी येथे लागली आहे. पहिला आक्षेप असा की, किंमत आणि नफा यांच्यावाचून विखुरलेल्या लक्षावधी माणसांचे श्रम एकत्र येऊच शकत नाहीत. दुसरा असा की, समतेच्या नावाने उभी राहिलेली प्रत्येक संघटना अखेर मूठभरांच्या हाती जाते. पहिला आक्षेप या ज्ञानकोशाने खोटा पाडला. दुसरा पुष्कळ अंशी खरा ठरवला. आणि पंडितमंडळींनी या दोन्ही निष्कर्षांतून तिसरेच काहीतरी काढले, ही माझी तक्रार आहे.

जानेवारी २००१ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याच्यामागे समाजवादी प्रेरणा तिळमात्रही नव्हती. संस्थापकांपैकी जिमी वेल्स हे आयन रँडच्या विचारांचे चाहते, शिकागोच्या सट्टाबाजारात काम केलेले गृहस्थ; 'बोमिस' नावाची नफ्यासाठी चालणारी त्यांची कंपनी होती. या कंपनीने आधी 'न्यूपीडिया' नावाचा कोश काढला होता. तज्ज्ञांनी लिहावयाचे, तज्ज्ञांनीच सात पायऱ्यांच्या चाळणीतून तपासावयाचे, अशी त्याची योजना. पहिल्या वर्षात त्याचे दोन डझन लेखही पुरे झाले नाहीत. मग निव्वळ पूरक उद्योग म्हणून, कोणीही यावे आणि लिहावे असा दरवाजा सताड उघडण्यात आला. आज इंग्रजी आवृत्तीत सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत आणि तीनशेहून अधिक भाषांत हा कोश लिहिला जातो.

आता मौज पाहा. या कल्पनेची प्रेरणा आपण फ्रेडरिक हायेक यांच्या १९४५ सालच्या एका निबंधातून घेतली, असे वेल्स स्वतः सांगतात. हायेक यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्ञान समाजात कणाकणाने विखुरलेले असते, कोणतेही नियोजन मंडळ ते एका मेजावर आणू शकत नाही, ते एकत्र आणण्याचे काम किंमत करते. कथिलाचा भाव चढला की कथिल वापरणारा काटकसर करू लागतो. भाव का चढला हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. नियोजनाच्या विरोधकांनी हा निबंध पुढे जवळजवळ वेदवाक्य मानला. परंतु विकिपीडियावर विखुरलेले ज्ञान एकत्र आले असेल, तर तेथे किंमत कोठे आहे? लेख लिहिणाऱ्याला मोबदला नाही, वाचणाऱ्याला शुल्क नाही, कोणत्या विषयावर लेख हवा हे सांगणारा भाव नाही. हायेक यांचे निदान स्वीकारले, त्यांचे औषध गटारात ओतले आणि रोगी बरा झाला. तरी श्रेय औषधालाच! नियोजनाचा कैवार घेणाऱ्या आपल्या लेखकांनी हा मुद्दा अद्याप पुरेसा उचलला नाही, याचे मला नवल वाटते.

याची थोडीफार दखल घेतली ती योकाय बेंकलर या कायद्याच्या प्राध्यापकांनी. बाजार इतका कार्यक्षम असेल तर कंपन्या मुळात अस्तित्वात का येतात, हा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली विचारला होता. बेंकलर यांनी २००२ साली त्यात भर घातली: बाजारही नाही आणि मालकाचा हुकूमही नाही, अशी उत्पादनाची एक तिसरी रीत आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली आहे, तिचे स्पष्टीकरण काय? या रीतीचे उत्पादन कामचलाऊ असते असेही म्हणण्याची सोय उरली नाही. २००५ साली 'नेचर' नियतकालिकाने विज्ञानविषयक बेचाळीस लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियात लेखामागे सरासरी चार आणि 'ब्रिटानिका'त सरासरी तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने त्या पाहणीवर कडाडून टीका केली. पुढे २०१२ साली तिची छापील आवृत्ती बंद झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून मोलाचा पुरावा चीनमधून आला. मन्सूर ओल्सन यांचा १९६५ सालचा सिद्धांत मी एम.ए.च्या वर्गांपुढे वर्षानुवर्षे मांडला आहे. गट जितका मोठा तितका प्रत्येकजण दुसऱ्याच्या कष्टावर फुकट बसण्याचा प्रयत्न करतो, म्हणून मोठ्या गटांत सामूहिक कार्य मोबदला किंवा सक्ती यांच्यावाचून होत नाही, असा तो सिद्धांत. कामगार संघटनांविरुद्ध तो किती वेळा वापरला गेला, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. ऑक्टोबर २००५ मध्ये चीनच्या सरकारने मुख्य भूमीवर विकिपीडिया बंद केला. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर येथील आणि परदेशांतील चिनी लेखक मात्र लिहावयास मोकळे होते. गट एकदम लहान झाला. ओल्सन यांच्या हिशेबाने उरलेल्यांनी निदान पूर्वीइतके तरी काम करावयास हवे होते, कारण फुकटे कमी झाले होते. झांग आणि झू या दोन संशोधकांनी २०११ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये हिशेब प्रसिद्ध केला. ज्यांच्यावर बंदी नव्हती त्यांचेही काम सरासरीने ४२.८ टक्क्यांनी घटले. वाचणारे उरले नाहीत, म्हणून लिहिणाऱ्यांचे हात थंडावले. माणूस माणसांसाठी काम करतो, आणि ती माणसे जितकी अधिक तितके अधिक करतो, हे या शास्त्राच्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकाने मान्य केले.

यानंतर पाठ्यपुस्तके फिरून लिहिली जातील अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. संशोधनाचा ओघ वळला तो वेगळ्याच दिशेला. २०१२ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून शंभर जण निव्वळ नशिबाच्या चिठ्ठीने निवडले आणि त्यांच्या पानांवर 'बार्नस्टार' नावाचे कौतुकाचे चिन्ह डकवले. ते न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम साठ टक्क्यांनी वाढले. २०१७ साली जर्मन आवृत्तीवरील अशाच एका प्रयोगाचा वृत्तान्त व्यवस्थापनशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकाने छापला. सुमारे चार हजार नवागतांतून काहींना मानचिन्ह दिले, तेव्हा टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांनी वाढले. निष्कर्षाविषयी माझा वाद नाही. शाबासकीच्या एका शब्दाने नवा कार्यकर्ता टिकतो, हे शाखेच्या कोणत्याही चिटणीसाला जर्मनीत न जाताही ठाऊक असते. माझा आक्षेप प्रश्नावर आहे. मजुरी न देता अधिक काम कसे करून घ्यावे, हा प्रश्न कोणाचा? तो स्वयंसेवकांनी विचारलेला नव्हता. गिरणीमालकाने 'आदर्श कामगार' म्हणून छातीवर बिल्ला लावावा आणि पगारवाढीची बोलणी पुढे ढकलावी, त्या जातीचा हा प्रश्न आहे. फरक एवढाच की गिरणीत निदान मालक कोण हे दिसत असे.

स्वयंसेवक केवळ कौतुकाचे भुकेले नसतात, त्यांना आपल्या श्रमाच्या मालकीची चाड असते, याचा दाखला पंडितांना हवाच असेल तर तो त्यांच्या हाताशी होता. फेब्रुवारी २००२ मध्ये बोमिस कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या लॅरी सँगर यांनी सहज बोलता बोलता लिहिले की, लवकरच विकिपीडियावर जाहिराती घेतल्या जातील. इंग्रजी लेखक कुरकुरले. स्पॅनिश लेखकांनी मात्र तडकाफडकी निर्णय घेतला. आपण समाजासाठी दिलेल्या श्रमावर कंपनीने जाहिरातीचा फलक लावावयाचा नाही! मजकुराचा परवाना मुक्त होता. त्यामुळे सर्व लेख बरोबर घेऊन ते बाहेर पडले आणि त्यांनी 'एन्सिक्लोपेदिया लिब्रे' नावाचा स्वतंत्र कोश उभा केला. त्याला यंत्रसामग्रीचा आसरा दिला सेव्हिल विद्यापीठाने. बहुसंख्य लिहिते हात निघून गेल्याने मूळ स्पॅनिश विकिपीडिया काही काळ ओस पडला. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता व्यापारी 'डॉट कॉम'वरून 'डॉट ऑर्ग'वर आला; जून २००३ मध्ये तो ना-नफा तत्त्वावरील विकिमीडिया प्रतिष्ठानाकडे गेला; आणि आजतागायत त्यावर जाहिरात नाही. या बंडामुळेच हे घडले असे बंडात भाग घेतलेले सांगतात. वेल्स ते मान्य करीत नाहीत. संपानंतर बोनस जाहीर झाला म्हणजे तो संपामुळे नव्हे, आमच्या औदार्यामुळे, असे मालक म्हणतातच. मजुरी नाही, संघटनेची नोंदणी नाही, वाटाघाटीचे मेज नाही, अशा श्रमिकांनी हत्यारे खाली न ठेवता, उलट हत्यारांसकट बाहेर पडून जिंकलेला हा लढा आहे. बार्नस्टारच्या मानाने त्यावर किती थोडी शाई खर्च झाली आहे!

येथवर वाचून आमचे काही तरुण मित्र टाळ्या पिटतील. त्यांच्या मते विकिपीडिया म्हणजे साक्षात उतरलेला समाजवाद. तेथे ना पुढारी, ना कार्यकारिणी, ना ठराव. सर्व काही उत्स्फूर्त. संघटनेचा कंटाळा आलेल्यांना हे चित्र फार गोड वाटते. त्यांनी कृपा करून पुढचे संशोधनही वाचावे.

रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ साली 'अल्पजनसत्तेचा पोलादी नियम' मांडला तो कोणाला पाहून? भांडवलदारांच्या मंडळाला पाहून नव्हे. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला पाहून, ज्याचे ते स्वतः सभासद राहिले होते. संघटना वाढली की कारभार जाणकारांच्या हाती जातो, जाणकार खुर्चीला चिकटतात आणि मूळ ध्येयापेक्षा खुर्ची मोठी होते. (मिशेल्स स्वतः पुढे मुसोलिनीच्या पक्षात गेले. निदान अचूक असले तरी वैद्य शुद्धीवर राहतोच असे नाही.) अ‍ॅरन शॉ आणि बेंजामिन माको हिल या दोन संशोधकांनी २०१४ साली विकिपीडियाच्याच धर्तीवर चालणाऱ्या ६८३ प्रकल्पांच्या नोंदी या नियमाच्या कसोटीवर घासून पाहिल्या. उत्तर मिशेल्स यांच्या बाजूचे निघाले. प्रकल्प वाढत गेला तसे नवे प्रचालक नेमले जाण्याचे प्रमाण घटत गेले, आणि जुन्या प्रचालकांचा अधिकार नवागतांचे लिखाण परतवून लावण्याकडे वळत गेला. लक्षात घ्यावे की या प्रकल्पांत पगार नव्हता, मानधन नव्हते, मोटार नव्हती. नुसत्या अधिकाराची चव पुरेशी झाली.

इंग्रजी विकिपीडियाची कथा निराळी नाही. २००७ साली दरमहा नियमित लिहिणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली आणि तेथून ती उतरणीला लागली. ती का उतरली, याचा शोध अ‍ॅरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. नवे येणारे वाईट होते म्हणावे, तर तसे नव्हते. सद्हेतूने येणाऱ्यांचे प्रमाण फारसे घटले नव्हते. घटली ती त्यांच्याशी बोलण्याची रीत. नासधूस रोखण्यासाठी जी अर्धस्वयंचलित साधने बनविली गेली, त्यांनी चोर आणि पाहुणा यांना एकाच दांडक्याने हाणावयास सुरुवात केली. पहिल्याच दिवशी लिहिलेले खोडले गेले आणि कारण म्हणून छापील सूचना हाती पडली, की माणूस पुन्हा फिरकत नाही. शिवाय जे नियम प्रारंभी सर्वांनी मिळून केले, ते पुढे असे गोठले की नव्या माणसाला त्यात मात्रादेखील बदलता येईना. आपल्या तालुका कचेरीत नवा तरुण येतो आणि दुसऱ्या बैठकीनंतर दिसेनासा होतो. तेव्हा आपण 'आजच्या पिढीला तत्त्वांची ओढ नाही' असे म्हणून मोकळे होतो. त्या कचेरीचीही अशी नोंदवही असती तर बरे झाले असते.

उत्स्फूर्ततेचे भक्त ज्याकडे डोळेझाक करतात ते सर्वांत भयंकर उदाहरण क्रोएशियाचे आहे. क्रोएशियन भाषेतील विकिपीडिया सुमारे २०११ पासून २०२० पर्यंत अतिउजव्या विचारांच्या एका छोट्या टोळीच्या ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा या फॅसिस्ट राजवटीचे पाप धुऊन काढणे, हे त्या टोळीचे कार्य. ज्या यासेनोवाच छावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल झाली, तिचे वर्णन तेथे माणसे गोळा करण्याचे आणि श्रमाचे ठिकाण असे केले गेले. विरोध करणाऱ्या संपादकांना नियमांच्या नावाखाली हाकलले गेले. २०१३ साली तर देशाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगावे लागले की, आपल्या भाषेतील हा कोश वापरू नका. प्रतिष्ठानाचा चौकशी अहवाल यावयास २०२१ साल उजाडले. म्हणजे एक पिढी शाळेतून बाहेर पडली!

शेजारच्या सर्बियन आवृत्तीचे असे का झाले नाही? राष्ट्रवादाचे विष तेथे काही कमी नाही. दोन्ही आवृत्तींची तुलना करणाऱ्या अलीकडच्या एका अभ्यासात कारणे दिली आहेत आणि ती कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. क्रोएशियन आवृत्तीत आरंभीच्या काळात अधिकारपदे पुरेशी खुली आणि विविध विचारांच्या लोकांकडे राहिली नाहीत. आणि लेखी, औपचारिक नियमांपेक्षा व्यक्तींच्या परस्पर संबंधांवर कारभार चालला. नियमांचा अतिरेक नवागताला पळवून लावतो हे वर सांगितलेच. पण नियमांचा अभाव फॅसिस्टांना आत घेतो. 'आपल्यात औपचारिकता कशाला, आपण सारे मित्रच' हे वाक्य ज्यांना फार आवडते त्यांनी सावध असावे.

लिहावयास कोणीही यावे, असे म्हटले तरी येते कोण? ज्याच्याकडे फुरसत असते तो. २००८ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे तेरा टक्के आढळले. पाहणीतील दोष दुरुस्त करून हिल आणि शॉ यांनी २०१३ साली ते सोळा टक्क्यांपर्यंत नेले. एवढीच काय ती सुधारणा. डोना स्ट्रिकलंड या पदार्थवैज्ञानिक महिलेवरील लेख मे २०१८ मध्ये पुरेशा 'उल्लेखनीयते'च्या अभावी नाकारला गेला. ऑक्टोबरात त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सफर्डच्या मार्क ग्रॅहम यांनी स्थळांवरील लेखांची मोजदाद केली तेव्हा आफ्रिकेतील बहुतेक देशांपेक्षा निर्मनुष्य अंटार्क्टिकावर अधिक लेख निघाले. पेंग्विनांना वेळ मिळत असावा!

यावर ठरावीक उत्तर असे की, मग त्यांनीही लिहावे, कोणी अडवले आहे? अडवले आहे ते संदर्भाच्या नियमाने. छापील, 'विश्वासार्ह' आधार नसेल तर विधान टिकत नाही. नियम सद्हेतूचा आहे आणि तो नसता तर कोशाची धर्मशाळा झाली असती. पण ज्यांचे ज्ञान तोंडातोंडी चालत आले, ज्यांच्याविषयी वृत्तपत्रांनी शंभर वर्षांत दोन ओळी छापल्या नाहीत, त्यांना हा नियम दाराबाहेरच उभे करतो. अचल प्रभला यांनी २०११ साली भारत आणि दक्षिण आफ्रिकेतील खेड्यांत जाऊन मौखिक साक्ष ध्वनिमुद्रित करून ती संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग केला. बड्या आवृत्तींनी तो आपलासा केला नाही. मोजपट्टी ज्याच्या हाती, लांबी त्याचीच.

आता मूळ प्रश्न: या श्रमाचे फळ कोण नेतो? अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली गूगलच्या शोधफळांतून विकिपीडिया गुपचूप वगळून पाहिला, तेव्हा त्या शोधफळांची उपयुक्तता वापरणाऱ्यांच्या दृष्टीने ठळकपणे घसरली. जगातील एका धनाढ्य कंपनीच्या मालाला चव येते ती फुकटात लिहिणाऱ्यांच्या घामामुळे, हे त्यातून दिसले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की, गूगल जेव्हा विकिपीडियातील माहिती स्वतःच्याच पानावर चौकटीत छापते, तेव्हा वाचक पुढे विकिपीडियापर्यंत येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी हाच प्रकार शतपटींनी वाढविला. जानेवारी २०२४ पासून एप्रिल २०२५ पर्यंत चित्रे व ध्वनिफिती उतरवून घेण्याचा भार पन्नास टक्क्यांनी वाढला आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी पासष्ट टक्के ही माणसांची नसून यंत्रांची होती, असे प्रतिष्ठानानेच जाहीर केले. मराठी विकिपीडियाने अशा यंत्रांना 'सांगकाम्या' हे मोठे नामी नाव दिले आहे. सांगणारा धनी कोण, एवढेच विचारावयाचे राहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कळले की माणसांच्या भेटी वर्षभरात सुमारे आठ टक्क्यांनी घटल्या आहेत.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सांगितले होते की सामाईक कुरणावर प्रत्येकजण जादा गुरे सोडतो आणि कुरण उजाड होते. म्हणून खासगी मालकी किंवा सरकारी अंमल हवा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष गावोगावची जंगले, पाटबंधारे आणि मासेमारी तपासून दाखवून दिले की लोक आपसांत नियम करून सामाईक मालमत्ता शतकानुशतके राखतात. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. पण ऑस्ट्रॉम यांच्या यादीतील पहिलाच नियम असा आहे की, कुरणाची हद्द आखलेली असली पाहिजे आणि हक्कदार कोण हे ठरलेले असले पाहिजे. ज्ञानाच्या कुरणाला आपण हद्दच ठेवली नाही. येथले गवत चरल्याने कमी होत नाही हे खरे. धोका निराळा आहे. आजचा वाचक हाच उद्याचा लेखक असतो. एखादी चूक दिसते, ती सुधारावीशी वाटते आणि मनुष्य आत येतो. वाचकाला वाटेतच अडवून तयार घास भरवला की ही भरती थांबते. चीनच्या सरकारने २००५ साली बंदी घालून जे साधले, तेच बड्या कंपन्या सोयीच्या नावाने साधत आहेत. आणि मजकुराचा परवाना तर सांगतो की स्रोताचा नामनिर्देश करा आणि त्यावर आधारलेले कामही त्याच अटींवर खुले ठेवा! किती यंत्रे ही अट पाळतात, ते वाचकांनीच तपासावे. प्रतिष्ठानाने २०२१ पासून बड्या ग्राहकांसाठी शुल्काची व्यवस्था उभारली आहे, गूगल २०२२ साली तिचे ग्राहक झाले. पण ती खुशीची खरेदी आहे. बाजार समितीत माल आणणारा व्यापारी सेस भरतो तो खुशीने नव्हे, कायद्याने. हा सेस का नसावा, आणि त्याच्या विनियोगावर २०२३-२४ साली अठरा कोटी डॉलरांच्या घरात उत्पन्न असलेल्या प्रतिष्ठानाचा नव्हे तर लिहिणाऱ्यांचा अधिकार का नसावा, या प्रश्नांना संशोधनाच्या ढिगाऱ्यात जागा अपुरी आहे.

जोखीमही स्वयंसेवकाच्याच माथी आहे. ए.एन.आय. या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा लावला, तेव्हा लेख लिहिणाऱ्यांची ओळख उघड करण्याचा आदेश झाला. त्या खटल्याविषयीचे पानच ऑक्टोबरात काढून टाकावे लागले. हा दुसरा आदेश ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, हे चांगलेच झाले. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील लेखातील मजकुरावरून सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदविला. मजकूर चुकीचा असेल तर तो पुराव्याने खोडण्यासाठी चर्चापान आहे. संध्याकाळचा एक तास विनामोबदला देणाऱ्याच्या दारी पोलीस पाठविले, तर उद्या लिहिण्यास उरतील ते फक्त पगारी प्रचारक.

मराठीत ज्ञानकोशाचे तिन्ही प्रकार होऊन गेले आहेत. डॉ. केतकरांनी भागभांडवल जमवून मर्यादित कंपनी काढली आणि १९२० पासून तेवीस खंड दिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली राज्य शासनाच्या खर्चाने वाईला विश्वकोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. आणि २००३ पासून स्वयंसेवक मराठी विकिपीडिया लिहीत आहेत. पहिल्याला भांडवल पुरेना, दुसऱ्याला चार दशके लागली, तिसऱ्याला माणसे अपुरी पडतात. माणसे अपुरी पडली म्हणजे काय होते ते स्कॉट्स भाषेच्या आवृत्तीने २०२० साली दाखविले. ती भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने त्यातले हजारो लेख लिहून ठेवल्याचे उघडकीस आले. दोष त्या मुलाचा नव्हे, रिकाम्या घराचा. स्पॅनिश लेखकांची निघून जाण्याची धमकी परिणामकारक ठरली, कारण ते पुष्कळ होते. मूठभरांच्या धमकीला कोण भीक घालणार?

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. स्वीडिश विकिपीडियावर प्रचालकाला दरवर्षी फिरून निवडून यावे लागते. इंग्रजी आवृत्तीने २०२४ मध्ये का होईना, प्रचालकाला परत बोलावण्याची तरतूद केली. मराठीतही मुदत आणि निवडणूक असावी. स्वयंसेवकांच्या नोंदींवर प्रबंध लिहिणाऱ्याने आपला निष्कर्ष त्यांच्या भाषेत, विनामूल्य, त्यांच्या हाती द्यावा. निबंध कुलूपबंद नियतकालिकात आणि कच्चा माल उघड्या शेतातला, हा व्यवहार थांबावा. सेव्हिलच्या विद्यापीठाने बंडखोरांना यंत्रे दिली होती. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांनी निदान जनतेच्या पैशातून झालेले मराठी संशोधन, कामगार चळवळीची जुनी पत्रके आणि ग्रंथालयांतील परवानामुक्त झालेली पुस्तके खुली करून द्यावीत, म्हणजे छापील संदर्भाच्या नियमापुढे आपल्या माणसांचे लेख टिकतील. येत्या अधिसभा निवडणुकांत आपले उमेदवार उभे राहतील, तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात ही मागणी यावी आणि निवडून आलेल्यांनी ती पहिल्याच बैठकीत ठरावाच्या रूपाने मांडावी.